अठ्ठावन्न की एकोणसाठ

बार्शीचं चष्म्याचं दुकान एकला बंद होतं,
असं मी तीनदा सांगितलं.
तरी येडशीच्या घाटात जिलानीनं गाडी कडेला घेतली,
चाकामागं दगड लावला
आणि म्हणाला, थांबा, मालगाडी यायलीय.

कशावरून?
त्यानं नुसती हनुवटी उचलली दरीकडं.
खाली रूळ उन्हात पडलेले,
गवत वाळून कोल्ह्याच्या रंगाचं झालेलं,
कठड्यावर रामलिंगाची दोन माकडं
आमच्या पिशवीचा अंदाज घेत.
दुसरं काही नाही.

केवळामावशी मागच्या सीटवरून म्हणाली,
"लहान गाडी होती तवा
आमी पोरी हितं चढाला उतरायचो,
सीताफळं तोडून वटीत घालायचो
अन् मागच्या डब्यात परत बसायचो.
डायवर शिव्या द्यायचा. थांबायचा बी."
फुटक्या काचेतून ती दरीत बघत होती,
तिला बहुतेक तीच गाडी दिसत होती.

मग आवाजाच्या आधी थरथर आली.
माकडं उठली.
झाडीतून दोन इंजिनं निघाली,
जाड्या माणसानं जिना चढावा तशी,
पायरीपायरीला हुंकार देत.
मागं कोळशाचे डबे, उघडे,
काळ्या ढिगांवर ऊन घेऊन चाललेले.

जिलानी हवेत बोट टोचत मोजायला लागला.
मावशीनं डोळे मिटले.
मांडीवर तिचा अंगठा
बोटांच्या पेरांवरून फिरत राहिला,
पुलाच्या सांध्यावर डबा आपटला
की एक पेर.

शेवटी गार्डानं हिरवं फडकं हलवलं.
कुणासाठी, कळलं नाही.
मी हात केला.

"अठ्ठावन्न," जिलानी.
"एकोणसाठ," मावशी.

"मावशी, तुम्हाला तर दिसंना."
"म्हणून तर. तुझा एक
त्या सालईच्या झाडामागनं गेला."

पिशवीतली शेंगदाण्याची पुडीही गेली होती.
ती कधी गेली
ते तिघांपैकी कुणालाच सांगता येईना.

वाद पांगरीपर्यंत चालला, पांगरीच्या पुढंही.
दुकानाचं शटर खाली होतं.
मावशी पायरीवर टेकली, पदरानं तोंड पुसलं,
म्हणाली, "बरं झालं. उद्या परत येऊ.
उद्या ह्यानं डोळे मिटून मोजावं."

मी म्हणालो,
सालईपाशी मी उभा राहतो.