वाव

बोद्रीचं दुकान पेट्रोलपंपाच्या मागे.
पुढच्या फ्रिजमध्ये गळाला लावायची गांडुळं, डब्यांतून,
मागच्या खोलीत धनुष्यं.
ऑगस्टचा शेवटचा शनिवार,
हरणांचा हंगाम पाच आठवड्यांवर.
मी माझं काउंटरवर आडवं ठेवलं
आणि म्हटलं, ड्वेन, हे आता म्हातारं झालं.

त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
खुंटीवरून तीन उतरवली.

पहिलं आखूड. चाकापासून चाकापर्यंत तीसच इंच,
मचाणावर फांद्यांत अडकायचं नाही.
बाण सेकंदाला तीनशे चाळीस फूट.
पण स्वभाव तापट,
जरा ढिलं धरलं की हातातून पुढे निघालंच,
शाळेची घंटा झाल्यावर माझ्या बसमधली पोरं उठतात तसं.

दुसरं लांब, शहाणं.
बाण सुटल्यावर मुठीत कंप म्हणून नाही,
शेजारच्या खोलीत कोणी कपाट लावून घ्यावं एवढाच आवाज.
वजन मात्र मनगटाला लगेच कळतं,
आणि किंमत म्हणजे माझ्या दोन महिन्यांच्या फेऱ्या,
सकाळच्या आणि दुपारच्या.

तिसऱ्यापाशी मी रेंगाळले.
पूर्ण ओढलं की पंचाऐंशी टक्के ओझं उतरतं,
साठ पौंडांतले नऊच उरतात.
इतका वेळ धरून बसता येईल
की हरीणच कंटाळून निघून जाईल.
माझं जुनं एकवीस ठेवतं.
चोवीस वर्षं ठेवत आलंय,
मी कधी तक्रार केली नव्हती.

आता केली.
दोन हंगाम बाण डावीकडे जातात, म्हटलं.
कोपराच्या आत दोरीचा निळा डाग,
इतका नेमाने उठतो
की रेनोने विचारायचंही सोडून दिलंय.

ड्वेन म्हणाला, हात पसर, आयली.

दाराला पाठ लावून उभी राहिले,
एक तळवा कॅलेंडरवर, दुसरा आग विझवायच्या नळकांड्यावर.
त्याने बोटापासून बोटापर्यंत टेप धरली.
माणसाची वाव मोजायची, अडीचने भागायची,
येते ती आपली ओढ.
मागे हे त्याच्या वडिलांनी मोजलं होतं.
लिओनेलच्या हातचं कार्ड अजून ड्रॉवरमध्ये होतं,
पेन्सिलीने लिहिलेलं: सव्वा एकोणसत्तर.

टेप म्हणाली, अडुसष्ट.

त्याने पुन्हा मोजलं. मी खांदे ताणले,
पोटातला श्वासही बोटांकडे ढकलला.
अडुसष्ट.

सव्वा इंच.
कुठे ठेवल्याचं आठवत नाही,
कोणाला दिल्याचं तर नाहीच.
हात आखडता घेणारी बाई
असं मला गावात कोणी म्हणत नाही.
अडीचने भागलं तर अर्धा इंच,
तेवढ्याच अंतरासाठी माझा हात
रोज जुन्या मापापर्यंत जाऊन उभा राहायचा,
आणि मी धनुष्याला नावं ठेवत होते.

चाकावर एक धातूचा तुकडा असतो, नखाएवढा.
दोन स्क्रू. ड्वेनने तो एक खाच सरकवला,
तेवढ्यात पुढे कोणी डिझेल मागितलं,
तो गेला, आला, दुसरा स्क्रू पिळला.

मागच्या गल्लीत वीस यार्डांवर पेंढ्याचा गठ्ठा.
तीन बाण. दोन शेजारी शेजारी,
तिसरा माझ्या चुकीचा.
कोपराला काही लागलं नाही.

तरीही तिसऱ्या धनुष्याकडे पाहिलं मी, खोटं कशाला बोलू.
नऊ पौंड.
खांदा आपला हिशेब वेगळा ठेवतो,
ते कुठल्या कार्डावर नसतं.

बारा डॉलर झाले, गांडुळांचा डबा धरून.
ड्वेनने जुना आकडा खोडला नाही, खाली नवा लिहिला,
आणि कार्डाच्या मागे तिसऱ्याची किंमत,
तीही पेन्सिलीनेच.
म्हणाला, पुढच्या ऑगस्टला ये,
आधी मोजू.