दुसरी जॉयस्टिक

शुक्रवारी रात्रपाळी संपली की मी झोपत नाही.
फरवानियाहून बस पकडते, अल-राईला उतरते,
जुन्या बाजाराच्या पत्र्याखाली,
जिथे गालिच्यांच्या मागे, पिंजऱ्यातल्या पोपटांच्या अलीकडे
मोफज्जल चादर अंथरून बसलेला असतो.

वायरींचा गुंता. कन्सोल,
कपाटात राहूनही पिवळे पडलेले, दातांसारखे.
अरबी अक्षरांचा एक जाडजूड कीबोर्ड.
कॅसेटी, ज्यांवर लिहिलंय एकात नऊ लाख नव्याण्णव हजार;
खरे खेळ चार, बाकी त्यांचीच नावं बदललेली.
हे मला सातवीतच कळलं होतं.

मी कॅसेट उलटी करते, स्क्रू बघते,
कानाशी नेऊन हलवते.
मोफज्जल हसतो, "दीदी, अंडा है क्या?"
रात्रभर लोकांच्या बरगड्यांचे फोटो काढणारी मी,
आत काय सुटलंय ते आवाजावरून सांगते.
तो म्हणतो तीन दिनार. मी म्हणते एक.
तो छपराकडे बघतो, मी पोपटांकडे.
दीड. खलास.

वरणगावच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये
उदयदादा पहिला खेळाडू होता.
मला दुसरी जॉयस्टिक.
"मागचे ढग तू चालवतेस," तो म्हणायचा,
"थांबलीस तर मी मरेन."
दोन उन्हाळे मी ढग चालवले,
अंगठ्याला घट्टा पडेपर्यंत.
तिसऱ्या उन्हाळ्यात झाडताना
दिवाणामागे वायरीचं टोक सापडलं,
कुठेच न जोडलेलं,
पिनेवर कोळ्याचं जाळं.
मी ते पुसलं. होतं तसं ठेवलं.
संध्याकाळी पुन्हा ढग चालवायला बसले.

दीड दिनाराची कॅसेट त्याच रात्री लावली.
फुंकर मारली नाही;
थुंकीनं पिना गंजतात, हे फार उशिरा कळलं.
गुणांची यादी उघडली:
बद्र, बद्र, बद्र,
नऊ ओळी नुसता बद्र.
आणि तळाशी, दहावी, हया.
चाळीस गुण.
चाळीस म्हणजे एक उडी, एक नाणं, आणि खड्डा.
बद्र हात धुवायला गेला असेल तेवढ्यात.
हयाही आता चाळिशीचीच असेल.

आतला सेल कडेनं हिरवा झालेला.
बदलला नाही तर यादी जाणार, बदलला तरी जाणार.
एकच वाट: वीज चालू ठेवून
जिवंत सर्किटवर डाग द्यायचा.
शिजीनं मोबाइलचा उजेड धरला.
श्वास रोखा, हलू नका,
रोज साठ जणांना सांगते, ते मला सांगितलं.

आणि टोक घसरलं.

दहाही ओळींत शून्य.
शिजी म्हणाली, "सारमिल्ला," आणि चहा ठेवायला गेली.
नऊ बद्रांचं मला काही वाटलं नाही.
चाळीसचं वाटलं.

आता ड्यूटीवरून आले की अर्धा तास खेळते.
बाहेर वाळूचं वादळ, खिडकीच्या फटीला ओला टॉवेल,
माझा अंगठा माझं ऐकत नाही.
पहिल्या दिवशी साठ गुण झाले. खेळानं नाव विचारलं.
मी हया टाकलं.
काल अकरा हजार दोनशे. हया.
बद्र असेल कुठे तरी, त्याला कोण कळवणार!

मघाशी दादाचा फोन आला.
त्याच्या मुलाला म्हणे असले जुने खेळ आवडतात,
तुझ्याकडे बरेच जमलेत ना?
म्हटलं, सुट्टीत घेऊन ये त्याला, तूही ये.
जॉयस्टिक दोन आहेत.
"दुसरी चालते का?" त्यानं विचारलं,
अगदी सहज, काही न आठवता.

थोडा वेळ लाइनवर नुसती खरखर.

"ढग तरी चालतात," मी म्हटलं.