सातशे पंचाहत्तर

बाराही यंत्रं लाल.
पावणेसहाला पुन्हा एकदा आदेश सोडला
आणि बारा ओळी एका सुरात म्हणाल्या,
पोचता येत नाही, परवानगी नाही.

नोल्सोयच्या या खिडकीतून समोर तोर्शहाव्नचे दिवे,
मध्ये काळं पाणी,
आणि पहाटेच्या बोटींचं वेळापत्रक
याच बारा यंत्रांवरून निघायचंय.
यंत्रं तरी कसली,
एका लोखंडी पेटीच्या पोटात मांडलेल्या
बारा कल्पित खोल्या,
मीच केलेल्या एका साच्यातून काढलेल्या.

किल्ली तपासली.
जोडीतली एक माझ्यापाशी,
दुसरी त्यांच्या उंबऱ्याआड.
अक्षर न् अक्षर जुळतं, ठसा जुळतो.
आदेशाला तीन व्ही लावून सर्व्हरला बोलतं केलं,
तर तो भडाभडा सगळं सांगतो
आणि नेमकं कारण गिळतो:
किल्ली पुढे केली.
दुसरी पद्धत शोधतोय.
दुसरी पद्धत उरली नाही.

हानुसला फोन लावला. वाऱ्यात त्याचा अर्धा आवाज उडून गेला,
उरलेला म्हणाला, नवीन किल्ली कर.
केली.
बाराही खोल्या पाडल्या, पुन्हा बांधल्या,
नवी किल्ली आत ठेवली.
लाल.

तेवढ्यात बार्डुर आत आला, न ठोठावता.
इथं दार कुणी ठोठावत नाही;
ठोठावलंच तर माणूस दचकतो,
वाटतं, परका आला किंवा कुणीतरी गेलं.
त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुका मासा टेबलावर ठेवला,
माझ्या पडद्याकडे पाहिलं,
काय गं सुन्वा, रक्त का वाहतंय एवढं?

किल्ली बरोबर आहे, मी म्हटलं, तरी कुलूप घेत नाही.

तुझ्या घराला आहे का कुलूप?

आहे की. किल्ली कुठाय ते नाही माहीत.

तो हसला, बूट न काढता गेला,
फरशीवर समुद्राचं पाणी ठेवून.

मग मी मागच्या वाटेनं शिरले,
पेटीच्या स्वतःच्या पडद्यावरून,
जिथे किल्ली नाही, जुना पासवर्ड चालतो.
सातव्या खोलीत उभी राहिले
आणि पहारेकऱ्याची वही उघडली.
तिथे त्यानं प्रत्येक वेळी, न कंटाळता, लिहून ठेवलं होतं:
नाकारलं.
मालकाच्या घराची मुभा ठीक नाही.

किल्लीची नाही. घराची.

मालकाला सात, सोबत्यांना सात, येणाऱ्याजाणाऱ्याला पाच.
सातशे पंचाहत्तर.
मधला सात मीच लिहिला होता, मार्चमध्ये,
तापानं फणफणत असताना,
हानुसला माझ्या घरात फायली ठेवता याव्यात म्हणून,
आणि तसाच साच्यात गेला.
काखेत कळसा, आणि मी दोन तास
बाराही गावांना वळसे घालत होते.

पहारेकऱ्याचं म्हणणं साधं:
सोबती जिथे हवं ते लिहू शकतो
तिथली किल्ली खरी कशी मानू?
त्याच्या हिशेबात उघडं घर म्हणजे
बाहेरच्यानं आधीच गाठलेलं घर.
मला त्याचा राग आला. पटलंही.

साच्यात एक आकडा बदलला.
सातशे पंचावन्न.
खोल्या तिसऱ्यांदा बांधल्या.
एक हिरवी, मग चार, मग अकरा;
बारावीनं उगाच वेळ काढला
आणि मी खुर्चीवर पुढे सरकून बसले
जणू ढकलता येणार होती.
ती पण.

हानुसला संदेश लिहायला घेतला:
तुझ्या सोयीचं दार बंद केलंय, उद्यापासून...
खोडलं. लिहिलं: चालू झालं.
हे उद्या बोटीवर, समोरासमोर सांगेन.

मासा सोलताना वाऱ्यानं पुढचं दार उघडलं.
उठून लोटलं.
ड्रॉवरमध्ये हात घालून किल्ली चाचपडली थोडा वेळ,
सुतळी मिळाली, दोन बॅटऱ्या, जुनं तिकीट.
ड्रॉवर बंद केला.
दार पुन्हा उघडलं.