नखभर फीत

बुरओच्या बाजारात, टायरवाल्याच्या शेजारी
माझं दुकान नव्हतंच, एक पेटी होती.
पेटीत बारीक पेचकस, ब्लेड, कापूस, स्पिरिट
आणि नखांना लावायचा लाल रंग.
तुटलेली फीत मी त्यानंच जोडायचो.
लोक म्हणायचे, रागे, तुझ्याकडं आलं की
मेलेला माणूससुद्धा अडलेलं वाक्य पुरं करतो.

त्या काळी पत्रं बोलायची.
जेद्दाहून, एडनहून डबीत बसून यायची,
साठ मिनिटांची, नव्वद मिनिटांची,
आणि त्यांत माणसापेक्षा बाकीचंच जास्त:
पंख्याची घरघर, कुणी ग्लास ठेवल्याचा आवाज,
खोकला,
आणि "थांब, बांग होऊ दे" म्हणून
गप्प राहिलेली अख्खी तीन मिनिटं.
लिहिणाऱ्यानं ती कशी लिहिली असती?

लिहिणं आमच्याकडं उशिरा आलं.
शाळेतली पोरं अक्षरं घेऊन रानात उतरली तेव्हा
आईनं त्यांचा फळा नीट पाहिला. म्हणाली,
"छान आहे. पण हा भिजला तर?"
तिच्याकडं तीनशे तीनशे ओळींची भांडणं होती,
एका विहिरीचं, एका घोडीचं, एका मोडलेल्या लग्नाचं,
सगळी तोंडात. एकदा ऐकलं की बसलं.
आमच्या कवींचा नेमच तसा:
एक अक्षर धरायचं, ओळीओळीत तेच वाजवायचं.
खुंटा असतो तसं. दावं कितीही लांब जाऊ दे,
उंट परत येतोच.

मग अंबरो आली.
चहाच्या पुडीत गुंडाळलेली कॅसेट, नवऱ्याची.
शेळीनं तिची आतडी ओढली होती अंगणभर.
दोन संध्याकाळी मी ती पेन्सिलीवर गुंडाळत बसलो.
एका जागी पार चघळलेली. कापावी लागली.
नखभर.
नखभर म्हणजे किती? एक शब्द.

त्यानं तिच्यासाठी कविता म्हटली होती, ग धरून:

गोदीवर गोण्या, गुडघ्यांत गोळे,
गल्लीत गारव्याला गिऱ्हाईक नाही,
गळ्याशी गच्च तुझं

आणि लगेच, "असो. पैसे पोचले का?"

अंबरो माझ्याकडं बघत राहिली,
मी ब्लेडकडं.
मागं आई धान्य पाखडत होती.
हात न थांबवता म्हणाली, "गाणं.
ग हवा, आणि दोनच मात्रांची जागा आहे. गाणं."
अंबरो हसली. पहिल्यांदाच हसली असेल त्या वर्षी.
"तुम्ही त्याला ओळखत नाही, अम्मा.
गाऱ्हाणं म्हणाला असेल. घाईत म्हणतो तो, बसवतो कशातही."

दोघी भांडल्या. चहा झाला. पुन्हा भांडल्या.
मी कुणाचीच बाजू घेतली नाही.
कापण्याआधी एकदा ऐकली होती मी ती जागा:
चघळलेल्या फितीतून
बैल हंबरावा तसा आला होता तो शब्द.
काहीही असू शकला असता.

आई गेली. तिच्याबरोबर विहिरीचं भांडण गेलं;
घोडीचं अर्धं माझ्याकडं आहे.
लढाईत पेटी जळाली, झाकण राहिलं.
अंबरो आता टोरांटोच्या नातीला
फोनवर बोलून निरोप पाठवते.
नात ते दीडपट वेगानं ऐकते, तिनंच सांगितलं,
"आजी फार थांबते मधेमधे."
थांबणं कापायचीही सोय आहे म्हणे,
ब्लेड लागत नाही.
मुलगी वाईट नाही. उत्तर त्याच मिनिटाला देते.
तिच्या आजोबांचं उत्तर यायला रमजान उलटायचा.

झाकणाच्या आतल्या बाजूला
ती फीत अजून चिकटलेली आहे,
दोन्ही टोकांना लाल ठिपका.
एवढीशी वाजवील असं यंत्र जगात नाही,
तेव्हाही नव्हतं.
कधी कधी झाकण पुसताना
मी नुसता ग म्हणतो,
आणि थांबतो.