नुसतं उडायचं किती

आमच्या घरात पैसे रुपयांत मोजत नाहीत.
अम्मा विड्यांत मोजते.
शाळेची फी चौदा हजार विड्या,
गॅसची टाकी साडेचार हजार,
माझा चष्मा – तिनं बोटांवर हिशोब केला
आणि आकडा सांगितलाच नाही.

गड्ड्याच्या जत्रेतला आकाशपाळणा
त्या वर्षी साडेतीनशे विड्यांचा होता.
दोघींचे सातशे. म्हणून मी एकटीच बसले,
ती खाली, माझ्या चपला हातात धरून.
अगदी वर गेल्यावर पाळणा थांबला,
खाली लोक चढत होते,
आणि मला तळं दिसलं, पाण्यात उलटे दिवे,
किल्ल्याची काळी भिंत,
आणि एवढ्या गर्दीत चपला धरलेली एक बाई
जी वर न बघता
पाळणेवाल्याच्या हातातल्या नोटा मोजत होती.

यादगिरीमामा कबुतरं पाळायचा,
साखर पेठेत, कारखान्याच्या पत्र्यावर.
उडण्याला काही लागत नाही, म्हणायचा,
ज्वारी लागते फक्त,
मूठभर सकाळी, मूठभर संध्याकाळी.
मामीला विचारलं तर ती वेगळा आकडा सांगायची.
तीस वर्षं मागावर; छातीत रुई बसलेली.
शिट्टीला श्वास पुरेना तेव्हा
बाळीवेशीतल्या एकाला त्यानं ती अर्ध्या किमतीत दिली.
तिसऱ्या दिवशी सगळी परत.
घेतलेले पैसे द्यावे लागले.
मामा इतका हसला, की रात्रभर खोकत बसला.

मॉलमध्ये डोळ्यांना डबा बांधतात.
पाच मिनिटं, सातशे विड्या.
मी बर्फाच्या डोंगरांवरून गेले,
पोटात कालवलं, खुर्चीचा हात घट्ट धरला.
त्याला खालून कुणीतरी च्युइंगम लावलं होतं.

आता होटगी रोडवरून विमान जातं.
मी फोनवर बघितलं: एकोणीस हजार.
चहा पिऊन पुन्हा बघितलं तर एकवीस.
"छाट धरून, की सोडून?" अम्मानं विचारलं.
छाट म्हणजे कारखान्यात चेकर बाजूला टाकतो त्या,
वळलेल्या, बांधलेल्या, पैसे न मिळालेल्या.
छाट धरून तेवीस पडतील, म्हटलं.

तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं.
असं ती फक्त मयतीला जाताना ठेवते.

"नुसतं उडायचं किती?"
म्हणजे?
"जमीन सुटती ना, तेवढंच.
पुढचं मुंबई-बिंबई नको. मुंबईत काय करू मी?
वर गेलं की उतरवा म्हणावं. तेवढ्याचं किती घेतील?"

फोनमध्ये तशी सोय नव्हती.
खिडकी हवी का, विचारत होता,
सँडविच हवं का, विमा हवा का.

रविवारी शेअर रिक्षानं गेलो. चारशे विड्या, जाऊन-येऊन.
बुडालेला अर्धा दिवस वेगळा.
जाळीच्या कुंपणापाशी, बाभळीच्या तुटक सावलीत उभ्या.
पोलिसानं दोनदा हटकलं.
अम्मा त्याच्याशी तेलुगूत बोलली,
त्याला कळेना, त्यानं नाद सोडला.
विमानाला उशीर.
तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या. ऊन होतं तरी.

मग ते टोकाला गेलं, वळलं, थरथरलं.
"पळलालंय बघ," म्हणाली, "आता… आता…"
माझं मनगट धरलं तिनं,
पानं कातरून खरखरीत झालेली बोटं,
जर्द्याचा वास,
आणि चाकं सुटली तेव्हा
तिच्या टाचा मातीवरून उचलल्या.
एक बोट. फार तर दीड.
मला माहीत आहे, कारण विमान मी पाहिलंच नाही.

परतताना सात रस्त्यापर्यंत गप्प होती.
मग रिक्षाच्या आवाजावर आवाज चढवून:
"सकाळचं एकोणीस म्हणालीस ना?
मग रोज सकाळीच बघत जा."