एकशे नऊ

नवतप्याचा चौथा दिवस. गोळीबार चौकात
डांबर चपलेला धरून ठेवतं.
केशोराव निखारे आले ते डोक्याला दुपट्टा गुंडाळून,
खिशात कांदा,
प्लास्टिकच्या पिशवीत पेन्शनचं पुस्तक.
"मी जित्ता हाओ, एवढं लिहून दे बाई."

एवढंच तर लिहायचं होतं.
पण सरकारी पान अर्धं उघडून थांबलं,
वर पिवळी पट्टी: तुमचा ब्राउझर जुना आहे.

"कोन जुना म्हन्ते?"
"तुम्ही नाही काका, हा." मी पडद्यावर बोट ठेवलं,
घामट ठसा राहिला तिथे.
"किती जुना?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.
लोक म्हणतात, होते का नाही ते सांग.

मग पाहिलं.
वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके, एकाखाली एक,
त्यावर टिचकी, यादी घरंगळली,
खाली, पार खाली 'मदत',
मदतीच्या आत 'याच्याविषयी'.
केशोराव खुर्ची ओढून जवळ आले,
कूलरचं वारं त्यांच्या पाठीनं अडवलं,
आणि एक निळं चाक फिरत राहिलं.

मॉडेल मिलमध्ये एकवीस वर्षं फिटर होते ते.
म्हणाले, "मशीन बंद पडली का पयले पाना नाही उचलाचा.
पयले तिची पितळी पाटी पुसाची, रॉकेलच्या फडक्यानं.
नंबर वाचाचा, साल वाचाचं.
कोनासंग बोलून रायलो ते तं मालूम पायजे."
जॉबर हसायचा म्हणे. हसू दे.
"एका मशीनवर पाटीच नव्हती. तिनंच माहं बोट नेलं."
उजव्या हाताची तर्जनी
पहिल्या पेरापाशी संपते
हे मला तेव्हा दिसलं. दोन वर्षं येतात माझ्याकडे.

चाक थांबलं.
एकशे नऊ, टिंब, शून्य, टिंब,
पुढे चार आकडे, पुन्हा टिंब, पुन्हा तीन.
त्यांनी पिशवीतून जुनं वीज बिल काढलं,
मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं उतरवून घेतलं.

"टिंबं कायले लिहिता काका?"
"पाटीवर असते ते सगळं लिहाचं."

मग चष्मा काढून:
"याच्या पुढचा नाही का?"
"आहे ना. लय पुढचे आहेत.
पण या कॉम्प्युटरवर चढत नाही,
याच्यासाठी हाच शेवटचा."
रोजच्यासारखं सहज बोलून गेली मी.
ते काही बोलले नाहीत.
खिशातला कांदा काढला, टेबलावर ठेवला,
परत खिशात घातला.

शेवटी माझ्या मोबाईलवर केलं.
मार्चमध्ये घेतलाय, हप्ते सुरू आहेत.
चौकटीत चेहरा धरायचा
आणि पापणी लववायची,
त्याशिवाय तो माणूस जिवंत धरत नाही.
"डोये मिचका काका."
त्यांनी दोन्ही गच्च मिटले
ते उघडेचनात.
"काका, उघडा!"
"तू मिचका म्हनली ना बाई, खोला कुठी म्हनली."
तिसऱ्या वेळी हिरवी खूण आली.

तीस रुपये, सुट्टे, मोजून.
दारात दुपट्टा पुन्हा गुंडाळताना म्हणाले,
"तुह्या मोबाईलचा कितवा हाय?"
"पाहिला नाही कधी."
"मंग पाह्यून ठेव."

तीनला लाईट गेली.
कूलरचं पातं हळू हळू मोजता येऊ लागलं,
ओल्या वाळ्याचा वास दुकानात तसाच बसून.
मी मोबाईल काढला. तीन ठिपके शोधले.
इथे ते खाली होते.
नेट रेंगाळत होतं, चाक फिरत होतं.

वीज बिल ते टेबलावरच विसरून गेले होते.
उचललं तर
शेवटच्या टिंबापाशी पेन इतकं दाबलेलं,
की पलीकडे, युनिटच्या रकान्यात,
भोक.