सतराव्या वाफ्याचं पाणी

सरख्सच्या बाहेर, रस्त्याला लागूनच,
गंधकाची टेकडी आहे.
वायूतून काढून टाकलेली, कारखान्याला नकोशी.
भर दुपारी तिच्याकडे बघवत नाही.
तिथून दोन पोती आणली मी
आणि आठवडाभर माझ्या रुमालाला
नुकत्या विझलेल्या काडीचा वास.

सत्तावीस वाफे.
कुणाला गंधक नाही, कुणाला बेतानं, कुणाला दुप्पट.
कुणाला आठव्या दिवशी पाणी, कुणाला पंधराव्या,
कुणाला थेट बाविसाव्या.
चिठ्ठ्या टाकून ठरवलं सगळं,
म्हणजे माझ्या मायेला कुठे जागाच नको.

दारं धरायला बरात अली.
एका कानानं बहिरा,
दुसऱ्यानं पाट फुटल्याचं दोन शेतांवरून ओळखणारा.
मी सांगितलं, या नऊ वाफ्यांना तहानेलं ठेवायचं.
"का? काय केलंय यांनी?"
काहीच नाही, म्हटलं. म्हणून तर.

इथली माती चुनखडीची.
लोह आहे, जस्त आहे तिच्यात,
पण मूठ घट्ट आवळलेली.
गंधक ती मूठ सैल करतं, मात्र एकट्यानं नाही;
आधी ओल लागते,
मग डोळ्यांना न दिसणारे जीव त्याला खातात,
आंबवतात, मुळांना पचेल असं करतात.
कोरड्यात ते नुसतंच पडून राहतं, पिवळं,
पाहुण्यासारखं, कुणी या न म्हटलेल्या.

आणि नुसतं पाणी?
भरपूर प्यालेली रोपं माझ्या खांद्याला लागली,
पानं फिकट, बोंडं विरळ.
चौथ्या वाफ्यात तर मुळंच काळी पडली.
तिळाला तहान सोसते, लाड सोसत नाहीत,
हे बरात अली पहिल्याच दिवशी म्हणाला होता.
मी वहीत लिहिलं नव्हतं.

मेहेर महिन्यात पेंढ्या बांधल्या,
उभ्या करून वाळवल्या,
चादरीवर उपड्या करून झटकल्या.
सतरावा वाफा: बाविसाव्या दिवसाचं पाणी, गंधक दुप्पट.
त्याचे दोघे भाऊ, सहावा आणि चोविसावा,
मूठभर दाणे देऊन गप्प झाले.
आणि हा? तागडी मी तीनदा कोरी केली.
तीनदा तेच.
तीळ असे भरलेले की नखानं दाबला
तर नख तेलकट.

त्या रात्री झोप नाही.
कारखान्याची ज्योत खिडकीत,
आणि मी मशहदला पत्र लिहितेय
की गंधकानं तहानेवर मात केली असावी.
"असावी" नंतर खोडलं.
"केली" एवढंच ठेवलं.

सकाळी बरात अली चहा घेऊन आला.
त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळा गाव म्हणतो.
पण तीन महिने भिजत होता.
"दोन रात्री," तो म्हणाला, चहाकडे बघत,
"पाट तसाच भरून नदीला चालला होता.
नदी जाते पलीकडच्या देशात.
फुकटच जायचं ना?
सहावा नि चोविसावा लांब.
हा कडेलाच होता. फावडं लावलं."

मी रागावले. खूप.
त्याचा बहिरा कान माझ्याकडे होता, हे नंतर लक्षात आलं.

वहीत लिहिलं: वाफा सतरा, वगळला.
कारणाच्या रकान्यात पेन थांबलं.
"पाणी," एवढंच लिहिलं शेवटी.
पत्र फाडलं नाही; त्याच्या पाठीवर
आठव्या दिवसाची बेरीज केली.
पंधराव्याला आणि बेताच्या गंधकाला सगळ्यांत बरा उतारा,
कुणी रात्र जागावी असं त्यात काही नाही.

वगळलेला तीळ तो घरी घेऊन गेला.
त्याच्या बायकोनं, गुलअंदामनं, जात्यावर दळला,
आणि बरणी आली, वर द्राक्षाच्या काकवीचा थर.
मी उभ्यानंच खाल्लं, बोटानं.
प्रयोगातलं खाऊ नये असा नियम आहे.
पण हा तर प्रयोगात नव्हता.

पुढच्या साली वाफे पुन्हा सत्तावीसच.
फक्त पाटाच्या कडेचा तुकडा
मी आराखड्यात मोकळा सोडलाय, आकडा न घालता.
बरात अलीनं विचारलं, इथं काय?
मी म्हटलं, तुला काय ते माहीत.